हरिकेनमध्ये घरी थांबायचं असेल तर: अमेरिकेच्या किनाऱ्यावर नव्याने आलेल्यांसाठी

फ्लोरिडा, लुइझियाना, टेक्सास किंवा कॅरोलिनांच्या किनारपट्टीवर राहायला आलात की वर्षातले सहा महिने हरिकेनचे असतात हे धरून चालायचं. अटलांटिकचा हंगाम १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो. खरा जोर ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. नवखा माणूस वाऱ्याला घाबरतो, पण माणसं जास्त करून पाण्याने मरतात. वादळ सरल्यावरचे वीज नसलेले दिवस हा दुसरा मोठा धोका. वादळाचा वारा काही तासांत निघून जातो, अंधार आणि उकाडा आठवडाभर राहू शकतो. म्हणून तयारी त्या आठवड्याची करायची.

आधी ठरवा: थांबता येईल का?

आपल्या घराचा इव्हॅक्युएशन झोन (वादळाआधी रिकामा करायचा भाग) काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून आजच बघून ठेवा. फ्लोरिडात झोनना ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि ए सगळ्यांत आधी रिकामा करतात. इथे एक गफलत सर्रास होते. घर घेताना बँक ज्या फ्लड झोनबद्दल बोलते (एई, व्हीई, एक्स) तो विम्यासाठीचा नकाशा आहे. इव्हॅक्युएशन झोन वेगळा, तो वादळाने समुद्राच्या पाण्याला आलेला फुगवटा, म्हणजे स्टॉर्म सर्ज, किती आत येईल यावर आखलेला असतो. ‘आमचा झोन एक्स, म्हणजे कमी धोक्याचा, आम्हाला भीती नाही’ असं म्हणणारा माणूस इव्हॅक्युएशन झोन ए मध्ये राहत असू शकतो.

तुमच्या झोनला निघण्याचा आदेश आला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बांधून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहत असाल तर झोन कुठलाही असो, निघायचंच. ती घरं या वाऱ्यासाठी नसतात. घरात कोणी ऑक्सिजन मशीन किंवा डायलिसिसवर असेल तरी तेच. मात्र निघायचं म्हणजे तीन राज्यं ओलांडायची असं नाही. २००५ साली रीटा वादळाच्या वेळी ह्यूस्टनहून सगळे एकदमच निघाले, आणि रस्त्यावर तासन्‌तास अडकून, पेट्रोल संपून, उन्हात माणसं दगावली. वीस-तीस मैल आत, सर्जच्या झोनबाहेर, पक्क्या घरात राहणारं ओळखीचं कुटुंब असेल तर तेवढं पुरतं. हे बोलणं मे महिन्यातच करून ठेवावं.

आता थोडं अंदाज वाचण्याबद्दल. नॅशनल हरिकेन सेंटर ईस्टर्न वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता नवं पत्रक काढतं. वादळ जवळ आलं की मधल्या वेळांनाही पत्रकं येतात. नकाशावरचा पांढरा शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचं केंद्र कुठे कुठे जाऊ शकतं एवढंच तो सांगतो, आणि दर तीन वेळांतून साधारण एकदा केंद्र शंकूच्या बाहेरही जातं. पाऊस, सर्ज आणि टॉर्नेडो शंकूच्या रेषा पाळत नाहीत.

कॅटेगरीचंही तसंच. एक म्हणजे ताशी ७४ मैल, तीन म्हणजे १११, पाच म्हणजे १५७ किंवा जास्त; हे फक्त वाऱ्याचं माप आहे. २००८ चं आइक किनाऱ्यावर आलं तेव्हा कॅटेगरी दोनचं होतं, तरी गॅल्व्हेस्टनजवळचा बोलिव्हर द्वीपकल्प त्याच्या सर्जने धुऊन नेला. २०१७ च्या हार्वीने टेक्सासच्या आग्नेय कोपऱ्यात ६० इंचांहून जास्त पाऊस पाडला, आणि बुडालेल्या कित्येक घरांना वारा जेमतेम लागला होता. २०२४ चं बेरिल तर फक्त कॅटेगरी एक, पण ह्यूस्टन भागात २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. ‘एकच आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नका.

हंगाम लागण्याआधी उरकायची कामं

पहिलं काम विम्याचं, कारण ते ऐनवेळी होत नाही. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं नसतं. सरकारी पूरविमा, म्हणजे एनएफआयपी, घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होतो. त्याची मर्यादा घरासाठी अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख. भाड्याने राहत असाल तरी फक्त सामानाचा पूरविमा घेता येतो. घरमालकाचा विमा तुमच्या सोफ्याला आणि लॅपटॉपला लागू नसतो. नेहमीच्या पॉलिसीतला हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीचा तुम्ही स्वतः भरायचा वाटा, तोही वाचा. तो ठरावीक रकमेऐवजी बहुधा टक्क्यांत असतो: चार लाखांच्या घरावर २ टक्के म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून. वादळ जवळ आलं की कंपन्या नवी पॉलिसी देणंच थांबवतात.

दुसरं, घराचा व्हिडिओ. प्रत्येक खोली, कपाटं उघडून, उपकरणांच्या मॉडेल नंबरसकट, फोनवर सावकाश फिरवत घ्या आणि क्लाउडवर टाका. पासपोर्ट, आय-७९७, आय-९४, ईएडी, आय-२०, ग्रीन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, भाडेकरार आणि विम्याचं पहिलं पान हे मूळ स्वरूपात एका जाड झिपच्या पिशवीत ठेवा, आणि फोटो क्लाउडवर. व्हिसावर असलेल्या माणसाचा पासपोर्ट भिजला तर पुढची धावपळ छप्पर दुरुस्तीपेक्षा लांबते.

तिसरं, झाडांची छाटणी. ती मे-जूनमध्ये. वादळाची घोषणा झाल्यावर तोडलेल्या फांद्या कोणी उचलायला येत नाही, आणि रस्त्याकडेचा तो ढीग वाऱ्यात शेजाऱ्याच्या काचेवर जातो.

पाच दिवस असताना

पाणी माणशी रोज एक गॅलन, आणि सात दिवसांचं धरा. चौघांचे २८ गॅलन. २४ बाटल्यांच्या एका खोक्यात जेमतेम सव्वातीन गॅलन असतात, म्हणजे हा आकडा नऊ खोक्यांवर जातो. त्यापेक्षा घरातली पातेली, कळशा, कूलर आणि स्वच्छ डबे नळाच्या पाण्याने भरून ठेवणं सोपं. आज नळाला येणारं पाणी चांगलंच आहे, त्यासाठी दुकानात रांग लावायची गरज नाही.

खाण्याचं आपल्याकडे एक बरं असतं. दडपे पोहे, चुरमुरे, चिवडा, खाखरा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, लाडू, यांतल्या कशालाच विस्तव लागत नाही. थेपले दोन-तीन दिवस आरामात टिकतात. पण भात-वरणाच्या भरवशावर राहू नका: इथल्या बहुतेक घरांतली शेगडी विजेची असते आणि प्रेशर कुकर तिच्याविना मुका. ब्युटेनची छोटी कॅम्पिंग शेगडी घेतलीत तर दोन-चार जादा डबे घ्या, आणि ती फक्त बाहेर, उघड्यावर वापरा. बाळ असेल तर फॉर्म्युला तयार, द्रवरूप घ्या, म्हणजे पाण्याचा प्रश्न येत नाही.

औषधं किमान दोन आठवड्यांची हवीत. फ्लोरिडात आणीबाणी जाहीर झाली की नेहमीच्या औषधांचा ३० दिवसांचा साठा मुदतीआधी भरून मिळतो. फार्मसीत तसं स्पष्ट मागा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: बहुतेक प्रकार ३० अंश सेल्सिअसच्या आत २८ दिवस चालतात, पण एसी बंद पडलेलं घर त्याच्या वर जातं. छोटा कूलर ठेवा आणि इन्सुलिन बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठली की वाया गेली.

रोख पैसे लहान नोटांत काढा. वीज नसताना कार्ड चालत नाही आणि शंभरची नोट मोडून मिळत नाही. गाडीची टाकी भरून ठेवा. बॅटरीवर चालणारे दिवे प्रत्येकी एक आणि डोक्याला लावायचा हेडलॅम्प निदान एक घ्या. मेणबत्त्या नकोत, आग लागली तर बंब येणार नाही. बॅटरीवरचा किंवा हाताने फिरवायचा रेडिओ लागतोच, कारण मोबाइल टॉवर पडतात. आणि जनरेटर असो वा नसो, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या. शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूरही तुमच्या खिडकीतून आत येतो.

शेवटचे दोन दिवस

हरिकेन वॉच म्हणजे उष्णकटिबंधीय वादळाच्या ताकदीचा वारा अपेक्षित असण्याच्या ४८ तास आधीची सूचना, वॉर्निंग म्हणजे ३६ तास आधीची. बाहेरची सगळी कामं वॉचच्या काळात संपवा. वारा ताशी ४० मैलांच्या पुढे गेला की शिडीवर चढता येत नाही, प्लायवूडचा तक्ता हातात धरता येत नाही.

खिडक्यांवर सेलोटेपचा फुल्लीचा आकार काढू नका. टेपने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे, जड तुकडे एकत्र उडतात. इम्पॅक्ट ग्लास किंवा शटर नसतील तर ५/८ इंच जाडीचा प्लायवूड. तक्ता खिडकीच्या उघड्या भागापेक्षा चारही बाजूंनी ४ इंच मोठा कापा आणि स्क्रू भिंतीच्या आतल्या लाकडी चौकटीत किमान २ इंच जातील असे, साधारण १२ इंचांवर एक, असे बसवा. खिडकीच्या फ्रेमला किंवा बाहेरच्या सजावटीच्या पट्टीला स्क्रू मारले तर तक्ता पट्टीसकट उडतो. सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते इथेच. फ्लोरिडातलं घर काँक्रीट ब्लॉकचं असेल तर साधे स्क्रू धरत नाहीत, हॅमर ड्रिलने भोकं पाडून काँक्रीटचे स्क्रू लागतात. भोकं हंगामाआधी पाडून ठेवली तर ऐनवेळी अर्धा दिवस वाचतो. प्रत्येक तक्त्यावर खिडकीचं नाव आणि वरची बाजू लिहा. आणि बाहेर पडायला एक दार तरी आतून उघडेल असं ठेवा. सगळंच ठोकून टाकलं तर आग लागल्यावर अडकाल.

गॅरेजचं दार हे घराचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमजोर तोंड. दोन गाड्यांचं रुंद दार आत दबलं की वारा घरात घुसतो आणि छप्पर आतून वर ढकलतो. जुन्या दाराला उभे आधार लावायचे किट मिळतात. ‘एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे दाब समान राहतो’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने नेमकं हेच घडतं. आतल्या खोल्यांची दारं मात्र सगळी लावून घ्या. विमा उद्योगाच्या आयबीएचएस या संशोधन संस्थेच्या चाचण्यांनुसार एवढ्याने छपरावरचा दाब ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो, आणि त्याला खर्च शून्य.

अंगणातलं, बाल्कनीतलं सगळं आत: कुंड्या, खुर्च्या, ग्रिलचा गॅस सिलिंडर (तो घरात नको, बाहेर आडोशाला पक्का बांधून), कचऱ्याचे डबे, तुळशीवृंदावनसुद्धा. जड आहे म्हणून राहील असं समजू नका. पोहण्याचा तलाव रिकामा करायचा नाही. जमिनीखालचं पाणी चढलं की रिकामा तलाव वर उचलला जातो आणि तडकतो. फक्त पंपाचा ब्रेकर बंद करा.

फ्रिज-फ्रीझर सगळ्यात थंडवर लावा. फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला २४ तास. कपात पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं, ते फेकायचं. बाथटब भरा, पण त्याचं बूच रात्रीत पाणी सोडतं; खाली प्लास्टिकची जाड शीट किंवा टबात बसणारी पाण्याची पिशवी वापरा. हे पाणी पिण्याचं नव्हे, फ्लशचं.

अपार्टमेंटमध्ये वेगळं पाहावं लागतं. गाडी पार्किंगच्या वरच्या मजल्यावर न्या, पण उघड्या छतावर नको. उंच इमारतीत वरच्या मजल्यांवर वारा जास्त जोरात असतो, म्हणून तिसाव्या मजल्यावरच्यांनी खाली कोणाकडे तरी राहायचं बोलून ठेवावं. वीज गेली की पाण्याचा पंपही थांबतो. लिफ्ट वारा वाढायच्या आधीच सोडून द्या.

वारा चालू असताना

घराच्या मधली, बिनखिडक्यांची छोटी खोली निवडा: कपाटाची खोली, आतलं बाथरूम, जिन्याखालची जागा. मुलांना सायकलचं हेल्मेट घाला. पायांत बूट सगळ्यांच्या, स्लिपर नव्हे. काच फुटल्यावर अंधारात बूट शोधता येत नाहीत. गाद्या जवळ ओढून ठेवा. फोनवरचे आणीबाणीचे इशारे चालू असू द्या, कारण वादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांत टॉर्नेडो होतात आणि त्यासाठी मिनिटंच मिळतात.

पाणी आत येण्याच्या नेमक्या जागा ठरलेल्या असतात: सरकत्या काचेच्या दाराचा खालचा रूळ, दाराखालची फट, बाथरूमच्या पंख्याची जाळी. तिथे आधीच जुने टॉवेल आणि परात ठेवा. छताला पाण्याचा फुगा आलेला दिसला तर त्याखाली बादली धरून स्क्रूड्रायव्हरने मधोमध भोक पाडा. नाहीतर सगळं ड्रायवॉल पाण्यासकट एकदम कोसळतं. मुंबई-पुण्याच्या स्लॅबच्या सवयीने हे सुचत नाही. इथलं छत म्हणजे लाकडी तुळया आणि जिप्समचा पातळ तक्ता.

वारा अचानक थांबला, आभाळ उजळलं, तर बाहेर पळू नका. तो वादळाचा डोळा. काही मिनिटं, फार तर तासभर, आणि मग वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. आतापर्यंत जपलेली बाजू आता समोर असते. रेडिओवर वादळ पुढे गेल्याचं ऐकेपर्यंत आतच.

पाणी जमिनीवर चढायला लागलं तर, कोरड्यावर उभे असतानाच मेन ब्रेकर बंद करा. पाय ओले असतील तर पॅनेलला हात लावू नका. वरच्या मजल्यावर जा. वर मजला नसेल आणि माळ्यालाच जावं लागलं, तर कुऱ्हाड किंवा मोठा हातोडा घेऊनच. २००५ मध्ये कॅटरिनाच्या पुरात न्यू ऑर्लिन्समधली माणसं माळ्यावर चढली, पाणी मागून चढलं आणि छत फोडायला काही नव्हतं.

पहिले काही तास

तुटलेली प्रत्येक तार जिवंत धरा आणि ३५ फूट लांब राहा. साचलेल्या पाण्यात तिचं टोक दिसत नाही. गॅसचा वास आला तर दिवाही न लावता बाहेर जा आणि लांबून ९११ ला फोन करा. पुराच्या पाण्यात उतरू नका: त्यात सांडपाणी असतं, लाल मुंग्यांचे तरंगते गोळे असतात (हार्वीनंतर टेक्सासमध्ये ठिकठिकाणी दिसले), आणि किनाऱ्याजवळ व्हिब्रिओ नावाचा जिवाणू, जो छोट्या जखमेतून शिरून जीवघेणा होऊ शकतो. उतरावंच लागलं तर उंच रबरी बूट, आणि नंतर साबणाने पाय धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते बघा. गाडी पाण्यात घालू नका. वाहतं पाणी ६ इंच असलं तरी माणूस पडतो, फूटभर पाणी छोटी गाडी तरंगवतं. सिग्नल बंद असलेला प्रत्येक चौक चारी बाजूंनी थांबायचा चौक समजा.

इलेक्ट्रिक कार किंवा ई-बाइक खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती सुकली तरी सुरक्षित नाही. मीठ आत राहून लिथियम बॅटरी काही दिवसांनीही पेटते. तिला चार्ज करू नका, आणि शक्य असेल तर घरापासून ५० फूट लांब ढकलून ठेवा.

वीज नसलेले दिवस

हाच खरा कठीण भाग. २०१७ च्या इर्मानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात एसी बंद पडला आणि १२ जण उकाड्याने गेले, वाऱ्याने नव्हे. घरात ज्येष्ठ मंडळी, खासकरून भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा असतील, तर त्यांच्याकडे दर काही तासांनी बघा. ‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ असं ते म्हणतील. पण हवा न खेळणारं बंद घर म्हणजे वाडा नव्हे, इथली घरं एसी गृहीत धरून बांधलेली असतात. ओला पंचा, थंड पाण्याने हातपाय धुणं, रात्री खिडक्या उघडणं. गोंधळल्यासारखं बोलू लागले, घाम येणं थांबलं, तर ९११.

जनरेटर घराबाहेर किमान २० फुटांवर, धुराचं तोंड घरापासून उलट दिशेला. गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही, पोर्चवर नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसं झोपेतच जातात. पावसात भिजतोय म्हणून तो गॅरेजमध्ये ओढणं ही ठरलेली जीवघेणी चूक. त्यासाठी जनरेटरवर बसणारा तंबू मिळतो, तो घ्या.

जनरेटरचं टोक भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून पूर्ण घर चालवायचा जुगाड कोणी सांगेल. तसं केलं की वीज उलटी तारांवर जाते आणि दुरुस्तीला आलेला लाइनमन मरतो. घराला जोडायचं तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक. नाहीतर बाहेर वापरायच्या जाड, १२ गेजच्या कॉर्डने (गेजचा आकडा लहान, तशी तार जाड) एकेक उपकरण जोडा. २,००० वॉटचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर फ्रिज, दिवे, फोन आणि एक पंखा सहज ओढतो. फ्रिज चालू राहताना २०० वॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना कितीतरी पट, म्हणून आधी फ्रिज लावा आणि मग बाकीचं. खिडकीतला ५,००० बीटीयूचा एसीही त्याच्यावर चालतो. सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं. पेट्रोल भरताना मशीन बंद करून थंड होऊ द्या. इंजिन ऑइल रोज बघा, पातळी खाली गेली की बरेच जनरेटर आपोआप बंद पडतात आणि माणूस उगाच स्पार्क प्लग काढत बसतो.

बंद फ्रिजचं अन्न दार न उघडता चार तास. त्यानंतर दूध, पनीर, शिजवलेली डाळ, उरलेला भात फेका; वास घेऊन ठरवू नका. लोणची, तूप, मुरंबे, कडक चीज टिकतात.

पाणी उकळून प्यायची सूचना आली असेल तर खळाखळा उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. उकळणं शक्य नसेल तर बिनवासाचं साधं ब्लीच: ६ टक्क्यांचं असेल तर गॅलनला ८ थेंब, ८.२५ टक्क्यांचं असेल तर ६. पाणी गढूळ असेल तर कापडातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. ३० मिनिटं थांबा, क्लोरिनचा हलका वास आला पाहिजे. सिंकखालचा कार्बन फिल्टर किंवा फिल्टरचा जग जंतू मारत नाही. पेट्रोल, रसायनं मिसळलेलं पुराचं पाणी कशानेच पिण्यालायक होत नाही. फ्लशसाठी बादलीभर पाणी टाकीत नको, थेट भांड्यात जोराने ओता. खालून पाणी वर येतंय असं दिसलं की फ्लश थांबवा, गटार भरलेलं आहे.

शेजारच्या घरात वीज आली आणि तुमच्याकडे नाही, तर घराबाहेरचा मीटर आणि छतावर तार घेणारा पाइप बघा. तो वाकला, उपटला असेल तर दुरुस्ती बहुतेक ठिकाणी घरमालकाची जबाबदारी असते. इलेक्ट्रिशियनने ती केल्याशिवाय वीज कंपनी जोडणी देत नाही, आणि हे न कळल्याने लोक दिवसेंदिवस वाट बघत बसतात.

घरात पाणी शिरलं असेल तर

काहीही हलवण्याआधी फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ टेप धरून, आकडा दिसेल असा फोटो घ्या. बुरशी २४ ते ४८ तासांत धरते, म्हणून विम्याचा माणूस येईपर्यंत थांबायचं नाही. नुकसान वाढू न देणं पॉलिसीत तुमच्याकडूनच अपेक्षित असतं. गालिचाचा एक चौरस फुटाचा तुकडा कापून ठेवा आणि बाकीचा, खालच्या स्पंजसकट, बाहेर. ड्रायवॉल पाणी वर शोषून घेतं, म्हणून रेघेच्या किमान एक फूट वर कापा. पाणी दोन-अडीच फुटांपर्यंत चढलं असेल तर सरळ ४ फुटांवर कापणं सोयीचं, कारण तक्ता ४ फूट रुंदीचाच येतो आणि नवा नीट बसतो. आतलं ओलं इन्सुलेशन पूर्ण काढा. आधी त्या खोलीची वीज बंद, तोंडाला एन-९५. १९७८ आधीचं घर असेल तर रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका.

मग लाकूड सुकू द्या. हार्डवेअरच्या दुकानात ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकूड १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत भिंत बंद करू नका. कंत्राटदार घाई करतील. ओल्यावर नवा तक्ता लावला की दोन महिन्यांत भिंतीतून कुबट वास येतो आणि सगळं पुन्हा फोडावं लागतं. ब्लीच फरशीवर आणि प्लास्टिकवर चालतं, ड्रायवॉलसारख्या सच्छिद्र वस्तूवर बुरशी वरून पांढरी होते, आत जिवंत राहते. ब्लीच आणि अमोनियावाला क्लीनर एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

बुडालेला फ्रिज उघडू नका. चारी बाजूंनी टेप गुंडाळून बाहेर ठेवा. रस्त्याकडेला ढीग वेगवेगळे करा: फांद्या, बांधकामाचा राडारोडा, मोठी उपकरणं, इलेक्ट्रॉनिक वस्तू, रंग-रसायनं, घरगुती कचरा. मिसळलेला ढीग उचलणारे ट्रक सोडून जातात. छतावर ताडपत्री घालायची तर ती माथ्याच्या पलीकडे तीन-चार फूट जायला हवी आणि कडा लाकडी पट्टीभोवती गुंडाळून खिळवायला हव्यात. नुसते खिळे मारलेली ताडपत्री पहिल्या वाऱ्यात फाटते. छपरावर चढायची सवय नसेल तर चढू नका. मोठ्या वादळांनंतर आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्स ‘ब्लू रूफ’ योजनेत हे काम फुकट करतं.

पैसे आणि कागद

विम्याचा दावा पहिल्याच दिवशी नोंदवा. पुराचा आणि वाऱ्याचा असे दोन वेगळे दावे, दोन वेगळी माणसं बघायला येतील, आणि एक दुसऱ्याकडे बोट दाखवेल. म्हणून कुठलं पाणी छपरातून आलं आणि कुठलं दारातून, याचे फोटो वेगळे ठेवा. हॉटेलच्या, ताडपत्रीच्या, पेट्रोलच्या पावत्या जपा. एनएफआयपीसाठी सही केलेलं नुकसानपत्रक ६० दिवसांत जायला हवं.

दारावर येऊन ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला परत पाठवा. परवाना राज्याच्या संकेतस्थळावर तपासा आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका. फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेचा, माणूस कधीच पैसे मागत नाही. पूरक्षेत्रातल्या घराची दुरुस्ती त्याच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त झाली तर पूर्ण घर नव्या नियमांप्रमाणे उंच करावं लागू शकतं. परमिट न काढता काम सुरू करू नका, आणि हे आधी स्थानिक बांधकाम खात्यात विचारा.

फेमाची रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक वर्गांनाच मिळते. एच-१बी, एल-१, एफ-१ वरच्यांना ती स्वतःच्या नावावर मिळत नाही. पण घरात इथे जन्मलेलं, अमेरिकन नागरिक असलेलं अल्पवयीन मूल असेल तर पालक त्याच्या वतीने, त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर देऊन अर्ज करू शकतात. निवारा, पाणी, अन्न यांसाठी व्हिसा कोणी विचारत नाही. अर्ज १-८००-६२१-३३६२ वर होतो, मुदत साधारणपणे आपत्ती जाहीर झाल्यापासून ६० दिवस. ‘पात्र नाही’ असं पत्र आलं तर ते शेवटपर्यंत वाचा. बऱ्याचदा विम्याचं नकारपत्र किंवा राहत्या पत्त्याचा पुरावा जोडलेला नसतो एवढंच कारण असतं, आणि पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवसांत तो जोडून अपील करता येतं.